भालकी रोडवरची आमची गँग

रस्त्याचं काम करणाऱ्या माणसाला किस्से शोधायला जावं लागत नाही. ते आपल्या पायांनी चालत येतात! ऑफिसात बसणाऱ्याचं काम चार भिंतींच्या आत चालतं. त्याची चूक फार तर साहेबाला कळते. आमचं सगळं उघड्यावर. येणारा-जाणारा गाडी थांबवून बघणार, सल्ला देणार, मोबाईलवर फोटो काढणार आणि "हे असं कामून करायलाव?" असं विचारून उत्तर न ऐकताच निघून जाणार. दीड वर्ष असं काढलं की गोष्टींची थप्पी लागते. अजूनही आमच्यातलं कुणी भेटलं की चहा येईपर्यंत दोन-तीन तरी निघतातच.

बिदर शहर संपता संपता भालकीकडं जाणारा जो राज्य रस्ता आहे, त्याच्या दोन्ही अंगांना गेल्या काही वर्षांत वस्ती वाढली. आधी शेतं होती, मग प्लॉट पडले, मग घरं आली, टायरची दुकानं आली, मंगल कार्यालय आलं. रस्ता मात्र तेवढाच राहिला. त्याचं रुंदीकरण आमच्याकडं आलं. मी मूळ भालकीचा, साईटवर सुपरवायझर. माझ्या वर इंजिनिअर मॅडम, कलबुर्गीच्या, वयानं माझ्यापेक्षा लहान आणि हुशारीनं बऱ्याच मोठ्या. जेसीबीवर मस्तानभाई. मजूर बायकांच्या गँगवर रुक्मिणअक्का. आणखी दोघं-तिघं आहेत, ते येतील तसे सांगतो.

\*\*\*

पहिला किस्सा माझ्याच फजितीचा. तो आधी सांगून मोकळा होतो.

काम सुरू करायच्या आधी मार्किंग असतं. रस्ता कुठवर येणार तिथं खुंट्या ठोकायच्या, मधे पांढऱ्या फक्कीची रेघ मारायची. टेप धरून मी दिवसभर खुंट्या ठोकल्या. त्यातली एक शांताअक्का नावाच्या बाईंच्या ओसरीत गेली. दोन खोल्यांचं घर, एकट्या राहणाऱ्या. ओसरी गेली तर पुढची खोलीही उभी राहणार नव्हती. मला वाटलं आता आरडाओरडा होणार. बाईंनी नुसतं खुंटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर खुंटी चार फूट बाहेर! मी ती उपटून परत ओसरीत ठोकली. तिसऱ्या दिवशी पुन्हा चार फूट बाहेर. मी परत आत. चौथ्या दिवशी पुन्हा तेच. मग माझं डोकं फिरलं.

"अक्का, सरकारी खुंटी हाय ही! हलवली तर केस होतीय!"

"मी कुठं हलवायलेय?" शांताअक्का म्हणाल्या आणि तांदूळ निवडत बसल्या.

मी मॅडमना बोलावून आणलं. म्हटलं, तुम्हीच समजावा. मॅडमनी नकाशा उघडला, टेप मागवली. मला कानडीत विचारलं, "तुम्ही कुठून मोजलं?"

"जुन्या डांबराच्या मधून, मॅडम."

मॅडमनी थोडं पुढं जाऊन रस्त्याखालच्या मोरीजवळचा मोजणीचा जुना दगड शोधला आणि तिथून नव्यानं माप धरलं. झालं होतं असं, की पूर्वी कुणीतरी अक्कांच्या डोळ्यांदेखत डांबर टाकताना रस्ता एका बाजूनं फुगवला होता. त्यामुळं मी ज्याला मध्य समजत होतो तो मध्यच नव्हता. नव्या मापानं टेप शांताअक्कांच्या घराकडं आली आणि ओसरीच्या चार फूट अलीकडं थांबली. अक्कांनी काल खुंटी जिथं रोवली होती, बरोबर तिथं! बोटभर फरक नाही. पलीकडच्या बाजूला मोकळं मैदान होतं, म्हणजे तिकडंही कुणाचं काही जात नव्हतं.

माझा जीव भांड्यात पडला. एका बाईचं घर माझ्या हातानं पडलं असतं. मी हात जोडले. म्हटलं, "चुकलं अक्का. पण तुमी खुंटी हलवली ते बरं केलाव."

शांताअक्का ताटातला खडा बाजूला काढत म्हणाल्या, "मी न्हाई हलवली बाबा. हलवलती तू. मी जागेवर नेऊन ठेवली."

\*\*\*

मस्तानभाईचा हात जेसीबीवर असा बसलेला, की बकेटच्या दातानं जमिनीवर पडलेली काडेपेटी उचलून दाखवायचा. अशा माणसाच्या हातून मंगल कार्यालयासमोर पिण्याच्या पाण्याची मोठी पाईप फुटली.

चूक त्याची नव्हती. नकाशात पाईप रस्त्याच्या डाव्या बाजूला होती, जमिनीत उजव्या बाजूला निघाली. पण पाणी नकाशा बघून थोडंच उडतं? कार्यालयाच्या कमानीइतकं उंच कारंजं! आणि नेमकं त्या दिवशी आत लग्न.

मस्तानभाई जेसीबीतून उडी मारून माझ्या मागं येऊन उभा. "दत्ताभाई, गई आपनी नौकरी!"

तेवढ्यात कार्यालयातून फेटा बांधलेला एक माणूस धावत सुटला. त्याच्या मागं दहा-पंधरा जण. वधूपिता आहे हे फेट्यावरूनच कळत होतं. मंडपाच्या तोंडाशी चिखल करून ठेवलेला, वऱ्हाड यायच्या वेळेला! आज काही आपण धड घरी जात नाही, असं मला वाटलं. मस्तानभाईनं माझा शर्ट मागून घट्ट धरला होता.

तो माणूस धापा टाकत आला आणि ओरडला, "बंद करू नका! पाया पडतो, आर्धा तास तरी बंद करू नका!"

मागच्या पोरांच्या हातात काठ्या असतील असं वाटलं होतं. बघितलं तर बादल्या, घागरी, ड्रम! सकाळपासून त्यांचा टँकर आला नव्हता. आचारी चुली पेटवून बसलेले, भाताला पाणी नाही, वऱ्हाड वेशीवर. मुलीचा बाप तासभर फोनवर टँकरवाल्याच्या हातापाया पडत होता आणि टँकरवाला "निघालोच" म्हणत होता.

मग काय! आम्हीही बादल्या धरल्या. रुक्मिणअक्काच्या बायकांनी रांग लावली. वीस मिनिटांत सगळे ड्रम गच्च. व्हॉल्व्ह बंद करणारा माणूस मधेच आला होता, त्याला मुलीच्या मामानं खुर्चीत बसवून जिलेबी दिली आणि ती संपेपर्यंत उठू दिलं नाही. संध्याकाळपर्यंत पाईप जोडून झाली.

जेवायला आम्हाला पहिल्या पंगतीत बसवलं. आम्ही चिखलानं माखलेले, शेजारी इस्त्रीचे शर्ट. जेवण चालू असताना माईकवर आहेर पुकारत होते. कुणाकडून मिक्सर, कुणाकडून पाच भांडी, कुणाकडून कपाट.

आणि मग माईकवर आलं, "जेसीबीवाले मस्तानभाई यांच्याकडून वधूवरांना... पाणी!"

\*\*\*

आमच्या मॅडम कानडी. आल्या तेव्हा मराठीतलं "या" आणि "बसा" एवढंच येत होतं. पण जिद्द अशी, की रुक्मिणअक्काच्या बायकांत बसून, ऐकून ऐकून सहा महिन्यांत मराठी बोलायला लागल्या. नवा शब्द कानावर पडला की डायरीत लिहायच्या.

रुक्मिणअक्काच्या भाचीचं लग्न झालं तेव्हा मॅडम गेल्या होत्या. परत आल्यावर दोन दिवस त्यांच्या तोंडात एकच गोष्ट. मुलीला निरोप देताना कसं सगळ्यांनी जवळ घेतलं, साडीचोळी दिली, ओटी भरली. तिथं त्यांनी शब्द उचलला, बोळवण. डायरीत लिहिला. अर्थ लिहिला, प्रेमानं वागवणं!

पुढच्याच आठवड्यात कडेच्या टपरीवाल्यांनी काम अडवलं. फळवाले, पंक्चरवाले, भजीवाले, मिळून वीस-पंचवीस जण जेसीबीसमोर रस्त्यावर बसले. त्यांचंही खोटं नव्हतं. आठ दिवस टपरी हलवायची म्हणजे आठ दिवस घरात काय शिजवायचं? आणि हलवल्यावर जागा परत मिळेल याची खात्री कोण देणार? सकाळपासून घोषणा चालल्या होत्या. दुपारपर्यंत आवाज चढले. दोन्हीकडं गाड्या तुंबलेल्या. कुणीतरी जेसीबीच्या काचेवर दगड भिरकावला. मस्तानभाई काच खाली करून म्हणाला, "दत्ताभाई, इनकू समझाव, नहीं तो मैं उतर के घर जातूं!"

मॅडम आल्या. खडीच्या ढिगावर चढल्या. गर्दी गप्प झाली. मॅडमनी डायरी एकदा बघितली, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाल्या,

"तुम्ही काळजी करू नका! आज मी तुम्हा सगळ्यांची बोळवण करायला आले आहे!"

हाकलून द्यायला आले, असं बाई तोंडावर सांगतेय? तेही हात जोडून, हसत? मी पुढं होऊन काहीतरी सांगणार, एवढ्यात पेरूचा गाडा लावणारे म्हातारे गुंडाप्पा काका उठले. मॅडमच्या चेहऱ्याकडं नीट बघितलं. आणि म्हणाले,

"बोळवण करायलाव तर साडीचोळी कुठाय मॅडम? आन् मला धोतर लागंल!"

आधी दोघं-तिघं हसले, मग सगळा रस्ता हसायला लागला. मॅडमना काय झालं ते कळेना. रुक्मिणअक्कानं कानात सांगितल्यावर त्या तिथंच खडीवर मटकन बसल्या आणि तोंड झाकून हसायला लागल्या. हसणाऱ्या माणसाशी भांडण करणं अवघडच. तासाभरात ठरलं. टपऱ्या पलीकडच्या मैदानात लावायच्या, आठ दिवसांनी मॅडमनी स्वतः उभं राहून प्रत्येकाला जागा आखून द्यायची. तशी त्यांनी दिलीही.

काम संपून मॅडमची बदली झाली. त्या निघाल्या त्या दिवशी टपरीवाल्यांनी त्यांना साडी दिली. गुंडाप्पा काका म्हणाले, "आता ही खरी बोळवण!"

\*\*\*

धूळप्पा आमचा पेंटर. कडेचे किलोमीटरचे दगड रंगवायचं काम त्याच्याकडं. पत्र्यात आकडे कापलेले असायचे, दगडावर पत्रा धरायचा आणि ब्रश फिरवायचा. यात चुकायला जागाच नाही. पण धूळप्पानं जागा काढली! भालकी एकेचाळीस लिहायचं तिथं पत्रे उलटसुलट धरले आणि भालकी चौदा लिहून मोकळा झाला.

दोन दिवस कुणाच्या लक्षातच आलं नाही. दगड वाचतो कोण?

आठवड्याभरानं एक म्हातारेबुवा साईटवर आले. पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं, चेहरा गंभीर. "त्यो दगड कुणी रंगवलाय?"

आम्ही तोवर चूक पकडून दगड दुरुस्त केला होता. धूळप्पा डांबराच्या पिंपामागं जाऊन लपला. मी म्हटलं, "काय झालं काका?"

बुवा बिदरच्या पलीकडच्या खेड्यातले. एरवी सगळीकडं बसनं जायचे. त्या दिवशी पहिल्यांदाच मोपेडवर बायकोला घेऊन भालकीला मेव्हणीकडं निघाले होते. पंपासमोर आले तेव्हा टाकीत पेट्रोल थोडंच होतं. समोर दगड दिसला, भालकी चौदा. म्हणाले, चौदासाठी कशाला थांबायचं! आणि पंप मागं टाकला.

भर उन्हात माळावर गाडी बंद पडली. पुढचा पंप दोन कोस. बुवा गाडी ढकलतायत, बाई डोक्यावर पदर घेऊन मागून चालतायत.

मी म्हटलं, "काका, चूक आमचीच हाय. काय म्हणायचं ते मला म्हणा. पेंटर गरीब हाय."

"आरं, त्याला बोलवा तर!"

धूळप्पा पिंपामागून आला. बुवांनी उपरण्याची गाठ सोडली, आतून पेढ्याचा पुडा काढला आणि त्याच्या हातावर ठेवला.

बुवा जरा लाजले. मग सांगितलं. धाकट्या लेकाच्या लग्नावरून नवरा-बायकोत बिनसलं होतं. बाई दोन महिने एक शब्द बोलल्या नव्हत्या. ताट वाढून समोर ठेवायच्या आणि निघून जायच्या. मेव्हणीकडं निघाले होते ते त्याचसाठी, की ती तरी समजूत घालेल.

"गाडी ढकलून ढकलून मी पार दमलो. थांबलो. तर ही मागून म्हणाली, 'वाचता येतंय का न्हाई तुमाला? का नुसतंच डोळे हायती?'" बुवांनी टोपी काढून हातात घेतली. "दोन महिन्यांनी बोलली, साहेब! शिव्याच दिल्या, पर बोलली! पंप येईपतूर बोलतच होती!"

\*\*\*

बस स्टॉपच्या अलीकडं थोडा पट्टा काँक्रीटचा होता. काँक्रीट टाकल्यावर काही तास त्यावर चिमणीसुद्धा बसू द्यायची नाही, असा मॅडमचा हुकूम. पहाटेपासून राबून आम्ही तो पट्टा टाकला. नुकतंच घासून आरशासारखं केलं होतं. दोन्ही तोंडांना पिंपं लावली, दोऱ्या बांधल्या.

पण मेंढरांना दोरी काय अन् पिंप काय! मैदानाच्या बाजूनं मोठं खांड आलं. दोन-अडीचशे तरी असतील. मेंढका पार मागं राहिलेला. पुढची मेंढरं सरळ काँक्रीटकडं.

"हाकला, हाकला!" मी ओरडलो. मस्तानभाईनं टॉवेल फिरवला. धूळप्पानं डबा वाजवला. त्यानं उलटंच झालं. मेंढरं बिथरली आणि आणखी जोरात पुढं आली. आता दहा पावलं राहिली होती. मॅडमनी तर डोळेच मिटून घेतले. तो पट्टा उखडून परत टाकायचा म्हणजे वर काय उत्तर द्यायचं?

रुक्मिणअक्कानं डोक्यावरची पाटी खाली टाकली. दोन पावलं पुढं झाली आणि तोंडातून एक आवाज काढला. तो मला लिहून दाखवता येणार नाही. जीभ टाळ्याला लावून, घशातून, लांब. पुढचा एडका जागच्या जागी थांबला. मागची त्याच्यावर आदळली. अक्कानं दुसरा आवाज काढला, जरा वेगळा. अख्खं खांड वळलं आणि पिंपांच्या कडेनं निमूट निघून गेलं. काँक्रीटवर एक खूर नाही!

रुक्मिणअक्काचं माहेर मेंढरं राखणाऱ्यांचं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं मेंढराला हात लावला नव्हता. वीस वर्षं झाली असतील. पाटी उचलताना ती हसत पण होती आणि डोळे पण पुसत होती.

मॅडम तिच्याजवळ गेल्या. म्हणाल्या, "अक्का, गाड्यावाल्यांना थांबवायचा पण असा आवाज आहे का? रोज पिंपं उडवून जातात."

"न्हाई मॅडम," अक्का म्हणाली, "मेंढरं शहाणी असतेत."

\*\*\*

एक छोटासा. काम संपत आलं तेव्हा वरून मोठे साहेब तपासणीला आले. कडक माणूस अशी ख्याती. मागच्या एका ठिकाणी म्हणे त्यांनी अर्धा रस्ता खणून परत करायला लावला होता. मॅडमनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

साहेब जीपमधे पुढं बसले, मॅडम आणि मी मागं. गाडी निघाली. साहेब अक्षर बोलेनात. एक किलोमीटर झाला, दोन झाले. मॅडम माझ्याकडं बघतायत, मी मॅडमकडं. रस्ता संपला, ड्रायव्हरनं गाडी थांबवली, तरी साहेब गप्पच. ड्रायव्हरनं वाकून बघितलं. साहेब गाढ झोपलेले!

उठवायचं कुणी? शेवटी ड्रायव्हरनं हळूच हॉर्न वाजवला. साहेब दचकून जागे झाले, चष्मा नीट केला, बाहेर बघितलं.

"मला गाडीत कधीच झोप लागत नाही," म्हणाले. "सही कुठं करू?"

\*\*\*

आता सिद्धप्पाअण्णांचा.

सिद्धप्पाअण्णा आमचे रोलर ड्रायव्हर. अफजलपूर तालुक्यातल्या करजगीचे. पन्नाशी उलटलेली, अंगानं बारीक, डोक्याला कायम एक मळकट रुमाल. माणूस इतका संथ, की काही विचारलं तर उत्तर दुसऱ्या दिवशी यायचं. हे मी वाढवून सांगत नाही. "अण्णा, गावाकडं पाऊस कसाय?" असं मंगळवारी विचारलं, तर बुधवारी चहा पिता पिता अण्णा अचानक म्हणायचे, "बरा हाय." आपण विसरून गेलेलो असायचो. मस्तानभाई त्यांना म्हणायचा, "अण्णा का जवाब पोस्ट से आता!" अण्णा त्यावर हसायचे. तेही बहुतेक आदल्या दिवशीच्या विनोदाला.

उसाचा सीझन होता. भालकीकडच्या कारखान्याला जाणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग दिवसभर चालू असायची. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, वर मावेल तेवढा ऊस. वस्ती संपल्यावर रस्ता चढाचा आहे. चढाच्या तळाशी चिंचेखाली बस स्टॉप.

दुपारचे तीन वाजले असतील. उदगीरची बस स्टॉपला उभी होती. ड्रायव्हर उतरून पाण्याची बाटली भरायला गेलेला. कंडक्टर टपावर पोती चढवणाऱ्यांवर ओरडत होता. कॉलेजच्या मुली, बाजार करून निघालेल्या बायका, एक नवरा-बायको तान्हं मूल घेऊन. निम्मे आत, निम्मे दाराशी. सगळ्यांची तोंडं बसकडं, चढाकडं पाठ.

मी आणि मॅडम मोरीजवळ उभे होतो. एक ट्रॅक्टर चढ चढत होता. जवळजवळ वर पोचला होता. आणि खाडकन आवाज झाला. मागच्या ट्रॉलीची पिन तुटली.

ट्रॉली क्षणभर तिथंच थांबली. मग मागं यायला लागली. आधी हळू. मग तिचा लोखंडी दांडा डांबरावर घासत ठिणग्या उडवायला लागला.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. मॅडम कानडीत ओरडत होत्या, "सरी! सरी!" बाजूला व्हा म्हणून. पण टपावरच्या पोत्यांच्या भांडणात कुणाला काही ऐकू जाईना. मी धावलो. पण मला धावतानाच कळत होतं, की मी पोचणार नाही.

सिद्धप्पाअण्णा चढाच्या मधोमध, कडेची माती दाबत होते. रोलरचं तोंड वरच्या बाजूला होतं. त्यांनी मान वर करून ट्रॉलीकडं बघितलं. एकदा वळून खाली बसकडं बघितलं. आणि रोलर रस्त्यावर घेतला. सरळ ट्रॉलीच्या वाटेत.

"अण्णा, उतरो! कूद जाव!" मस्तानभाई जेसीबीवरून ओरडत होता.

अण्णा उतरले नाहीत. ब्रेकवर पाय दाबून बसून राहिले.

तो आवाज अजून माझ्या कानात आहे. ट्रॉलीच्या फळ्या फुटल्या. रोलर चार-पाच हात मागं सरकला. आणि थांबला. ट्रॉलीही थांबली. वरचा सगळा ऊस एका दमात रोलरवर कोसळला. रोलरचं छप्पर दिसेना, अण्णा दिसेनात, नुसता उसाचा ढीग.

बसजवळची माणसं आत्ता कुठं वळली. त्यांच्यापासून वीस पावलांवर हे सगळं.

मी ढिगाशी पोचलो. हातानं ऊस उपसायला लागलो. मस्तानभाई आला, रुक्मिणअक्का आली, तिच्या बायका आल्या, मग बसमधली माणसंही आली. उसाच्या पात्यांनी हात चिरत होते. कुणी बोलत नव्हतं. रुक्मिणअक्का तेवढी "अण्णा, ओ अण्णा" म्हणत होती. मॅडम फोन कानाला लावून अॅम्ब्युलन्सला पत्ता सांगत होत्या आणि त्यांना स्टॉपचं नाव आठवत नव्हतं.

आतून एक हात आला. मळकट रुमाल धरलेला.

छपराचा पत्रा दबला होता, पण त्याच्या नळ्या तुटल्या नव्हत्या. त्याच्याखाली अण्णा वाकून बसले होते. कपाळाला खरचटलेलं, खांदा दुखावलेला. बाकी काही नाही! आम्ही त्यांना धरून बाहेर काढलं. त्यांनी रुमाल झटकला आणि डोक्याला बांधला.

बसमधली एक म्हातारी पुढं आली. कानशिलावर बोटं मोडली आणि काही न बोलता बसमधे जाऊन बसली. तान्हं मूल घेतलेली बाई तिथंच खाली बसून रडायला लागली. मॅडम पण रडत होत्या आणि रडत रडत अण्णांवर ओरडत होत्या.

"उडी का नाही मारली तुम्ही? काही झालं असतं तर? काय विचार करून समोर गेलात? सांगा ना! काय विचार केला?"

अण्णांनी त्यांच्याकडं बघितलं. काही बोलले नाहीत. अॅम्ब्युलन्स आली, त्यांना घेऊन गेली. डॉक्टरांनी पट्टी बांधून संध्याकाळी घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, येऊ नका म्हणून सांगितलं होतं तरी अण्णा साईटवर आले. आम्ही चहा घेत होतो. मॅडमही होत्या. अण्णांनी कप घेतला, फुंकर मारली, निम्मा चहा प्याला. आणि म्हणाले,

"मॅडम, रोलर बी हळू चालतंय, माझं डोस्कं बी हळू चालतंय. काल रोलर आधी पोचलं."